तीस अंशांचा मी आणि गल्लीत शिरलेला जिना

अहो अहो, थांबा! पाठ खाजवायला नका उचलू मला! एकदा त्या कामाला लागलो की जन्माचं मातेरं होतं, अनुभव आहे माझा. मी गुण्या आहे, गुण्या! शाळेच्या कंपासपेटीतला टीचभर नव्हे, चांगला दहा इंची, हिरवट, आरपार दिसणारा. एक कोन नव्वदचा, एक साठचा, एक तीसचा. त्यातल्या तिसाच्या कोनाने धर्मापुरीच्या एका गल्लीत जो काय धुमाकूळ घातला, तो सांगितल्याशिवाय मला आज चैन पडायची नाही. बसा घटकाभर.

जन्माचं फार कौतुक नाही. कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, दाबलं, गार झालो, झालं बारसं. त्याच पाकिटात माझा भाऊही होता, पंचेचाळीस-पंचेचाळीसवाला. दोन्हीकडे सारखाच कललेला, कुणाची बाजू म्हणून घ्यायचा नाही. माणूस असता तर पुढारीच झाला असता, पण निघाला गुण्या. आम्हा दोघांना परळी वैजनाथला स्टेशन रोडवरच्या दुकानात काचेमागे टांगलं. थर्मल वीजकेंद्राची राख तिथे सगळ्यांच्याच अंगावर बसते, आमच्याही बसली. दुकानदार रोज फडक्याने पुसायचा आणि रोज म्हणायचा, "आरं, काल तर पुसलं व्हतं!"

पहिला मालक विजयसिंह. एका बड्या घरचा पोरगा. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गाला नाव घातलं म्हणून माझी खरेदी झाली. काय वापरलं म्हणता मला! पाठ खाजवली. खरबूज कापलं. चिवड्याचा ढीग सारखा केला. रेघ तेवढी मारली नाही. तीन महिन्यांत गडी वर्गातून गायब झाला आणि चौकातल्या बॅनरवर हात जोडून उभा राहिला. जाताना शेजारच्या बाकावरच्या पोरीला म्हणाला, "घे गं तुला, मला काय करायचंय." भाऊ मात्र त्याच्याच गाडीत राहिला, अजून पत्ता नाही.

ती पोरगी म्हणजे दीपमाला. धर्मापुरीची. वडील भागवत, आई सुभद्राबाई, दर साली दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जाणारी. दीपमालाने मला घरी नेऊन साबणाने धुतलं. चिवड्याचं तेल निघालं आणि मी असा चकाकलो की काय सांगू! दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद चिकटवला, सरळ आडवी रेघ राखणारी टी-पट्टी धरली, तिच्यावर मला बसवलं आणि माझ्या अंगाअंगाने पेन्सिल सर्रकन वर गेली. अहाहा! तेव्हा कळलं, आपण कशासाठी जन्मलो ते.

आता जरा शहाणपण सांगतो, जांभई देऊ नका. वस्तूला लांबी असते, रुंदी असते, उंची असते. कागद बिचारा सपाट. मग अख्खी वस्तू त्याच्यावर बसवायची कशी? एक रीत अशी की तीन चित्रं काढायची. एक समोरून, एक वरून, एक बाजूने. पण गंमत बघा, आपल्याकडे शिकवतात त्या रीतीत डावीकडून दिसलेलं चित्र उजवीकडे काढतात आणि वरून दिसलेलं खाली. का? तर डावीकडून बॅटरी मारली की सावली उजव्या भिंतीवर पडते, तिथेच ते चित्र. वरून मारली की सावली जमिनीवर. ज्याला ठाऊक आहे त्याला सोपं, ज्याला नाही त्याची टोपी फिरते.

दुसरी रीत तिरक्या चित्राची. आयसोमेट्रिक म्हणतात तिला. उभ्या रेघा उभ्याच ठेवायच्या आणि बाकीच्या डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांनी चढवायच्या. एकाच चित्रात समोर, वर, बाजू, सगळं हजर! कागदातून वस्तू उठून बसते अगदी. आणि ते तीस अंश कुणाचे? माझे! बोलू नये, पण तिथे मीच राजा.

दोन वर्षं दीपमालाने मला घासलं. पास झाली, वर्गात दुसरी आली. पेढे वाटून झाले आणि श्रावणात भागवतने विषय काढला.

"पोरी, तुझ्या आईचा गुडघा आता साथ देत न्हाई. मुकादम म्हणतो, माणूस वाढवा. दसऱ्यापरेंत तुला कुठं काम लागलं तर ऱ्हा हितं. न्हाईतर चल आमच्यासंगं. मला बी गोड वाटत न्हाई, पर इलाज काय?"

"लागंल काम, आबा," दीपमाला म्हणाली.

लागंल म्हणायला काय जातं? दारोदार फिरली बिचारी. सगळीकडे एकच उत्तर, कॉम्प्युटर येतो का, अनुभव आहे का. शेवटी घटस्थापनेला दहा दिवस उरले असताना आम्ही परळीत गहिनीनाथ मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात उभे होतो.

गहिनीनाथ म्हणजे पांढऱ्या मिशा, काळा चष्मा आणि खिशात कायम खडू. गेट असो, शेड असो, गडी दुकानाच्या फरशीवर खडूने चार रेघोट्या मारायचा आणि ठिणग्या उडवायला लागायचा. सगळं अंदाजपंचे!

"काका, कागदावर काढून दिलं तर माल वाया जायचा न्हाई," दीपमाला म्हणाली.

"कागद? बाई, तीस वर्सं झाली मला. माझं एक काम वाकडं गेलं न्हाई."

"मंग वडवणीच्या त्या गोठ्याचं दार?"

"तो गोठाच वाकडा व्हता!"

दुकानातले सगळे हसले. गहिनीनाथही हसला. मग म्हणाला, "बरं, तुझी बी हौस फिटू दे. तुमच्याच गावच्या विठ्ठलरावाला गच्चीवर जायला लोखंडी जिना पाहिजेल. तू माप घे, तू काढ. मी जागा बघायला जाणार न्हाई. कागदावर हाय तसंच करणार, एक सूत हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. बसला तर दसऱ्यापासनं ह्या दुकानात तुझं टेबल. न्हाई बसला तर पुन्हा कागदाचं नाव काढायचं न्हाई."

मी पिशवीत नाचलो! खरंच नाचलो, पेन्सिलीला विचारा.

विठ्ठलरावांचं घर गल्लीला तोंड करून आहे. जिना कसा हवा होता बघा: पहिल्या दहा पायऱ्या घराच्या पुढच्या भिंतीला लागून डावीकडून उजवीकडे चढणार, कोपऱ्याशी उभं राहायला चौकोनी पत्रा, आणि तिथून जिना मागे वळून घराच्या बाजूच्या भिंतीकडेने गच्चीवर. दीपमालाने टेप लावून इंचइंच मोजलं. घरी चार दिवस आम्ही दोघं कागदावर होतो. समोरून, बाजूने, वरून, तिन्ही चित्रं अशी उतरली की मला माझाच हेवा वाटला. तिरकं चित्र मात्र तिने काढलं नाही. मोठ्या माणसापुढे पोरखेळ दिसेल म्हणे! मी नाराज झालो, पण मला विचारतंय कोण?

कागद घेऊन दुकानात गेलो. गहिनीनाथने चष्मा वर केला. कागदाच्या कोपऱ्यात नियमाप्रमाणे एक खूण होती, एक निमुळतं भांडं आडवं आणि शेजारी दोन गोल. चित्रं कुठल्या रीतीने मांडलीत हे सांगणारी ती खूण.

"हे काय? ग्लास?" गहिनीनाथने विचारलं. मग एकदम मांडी थोपटून दुकानातल्या पोऱ्याकडे बघत ओरडला, "आरं, पोरीनं कागदावरच च्या सांगितलाय! उत्तरेश्वर, दोन कट आण रे!"

सगळं दुकान खो खो हसलं. दीपमाला लाल झाली आणि गप्प बसली. अगं बोल ना! सांग ना त्याला खुणेचा अर्थ! मी पिशवीतून कंठशोष केला, पण प्लॅस्टिकचं कोण ऐकतो? चहा मात्र आला आणि तो बरा होता म्हणे.

नंतर गहिनीनाथने खालचं चित्र बघितलं, तेच, वरून दिसणारं. "हे कुणासाठी? कावळ्यासाठी?" असं म्हणून त्याने कागदाचा खालचा भाग दुमडून टाकला. उजवीकडचं चित्र पाहिलं आणि उजवीकडून दिसतं तेच असणार असं धरून चालला. इमानदारीने चालला हो, एक सूत इकडेतिकडे नाही! मला त्याने त्याच दिवशी रंगाचा डबा उघडायला वापरलं. टक्‌! माझं टोक मोडलं. दीपमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. कोन शाबूत होता म्हणून मी तिला मनातल्या मनात समजावलं.

दसऱ्याला चार दिवस होते. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जिना धर्मापुरीला आला. अख्खी गल्ली गोळा झाली. सुभद्राबाई पोरीचा जिना बघायला हळदीकुंकू आणि नारळ घेऊन आली होती. भागवत मागे भिंतीला टेकून उभा होता. विठ्ठलराव नव्या धोतरात होते.

चेनपुलीने जिना उचलला. गहिनीनाथला एका नजरेत कळलं की काहीतरी उफराटं आहे. पण गडी खट! कागद खोटा आहे हे सगळ्यांना दिसू दे म्हणून त्याने मुद्दाम उभा करायला लावला. दहा पायऱ्या भिंतीला लागून नीट चढल्या. कोपऱ्याचा पत्रा नीट बसला. आणि तिथून जिना मागे घराकडे वळायच्या ऐवजी पुढे, गल्लीवर निघाला! आठ फुटांची गल्ली ओलांडून शेवटची पायरी बरोब्बर समोरच्या बद्रीनाथच्या गच्चीच्या कठड्याला जाऊन टेकली.

बद्रीनाथ म्हणजे विठ्ठलरावांचा चुलतभाऊ. एका बांधावरून सहा वर्षं दोघांत बोलणं बंद! तो गच्चीवर उडीद वाळत घालत होता. त्याने पायरीकडे पाहिलं, पायरीवरून खाली विठ्ठलरावांकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला.

"लोकहो, बघा बघा! माणूस बोलंना, पर जिना पाठवला हो माझ्याकडं!"

मग काय विचारता! म्हातारी माणसं हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं तर लोळलीच. खालून निघालेली एक म्हैस जिना बघून अडून बसली, तिला मागे न्यायला चार माणसं लागली. मलाही हसू आवरेना, खोटं कशाला बोलू? पण दीपमालाने पिशवी छातीशी घट्ट धरली होती. मग माझं हसू विरलं.

"गहिनीनाथ, हे काय केलंस बे?" विठ्ठलराव गरजले.

"मला कावून बोलता? ह्या कागदाला बोला! हाय तसंच केलंय मी!" गहिनीनाथने कागद दीपमालाच्या पायाशी टाकला. "म्हणून म्हणतो, असली कामं कागदावर व्हत न्हाईत."

भागवत पुढे आला. आवाज अगदी हळू होता त्याचा. "चल, पोरी. मुकादमाला तीन नावं सांगतो."

दीपमालाने कागद उचलला. तीन-तीनदा पाहिला. चित्र बरोबर होतं! मला तर ठाऊकच होतं, माझ्याच अंगावरून रेघा गेल्या होत्या. ती सांगायला लागली की डावीकडचं चित्र उजवीकडे काढतात, सावली पडते तसं, पण लोकांनी आणखी गलका केला. "डावं उजवीकडं? मंग खालचं वर का काय!" कुणीतरी ओरडलं.

आणि तेव्हा तिला मी आठवलो. देवाशप्पथ सांगतो, तो क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा! तिने गहिनीनाथसमोर हात पुढे केला. "काका, खडू द्या."

त्याने दिला. ती विठ्ठलरावांच्या ओट्यावर गुडघ्यावर बसली. टी-पट्टी नव्हती, म्हणून शहाबादी फरशीची सांध सरळ धरली आणि तिच्यावर मला टेकवलं. तीस अंश डावीकडे, सर्र! मला उलटं केलं, तीस अंश उजवीकडे, सर्र! उभ्या रेघा, पायऱ्या, कोपऱ्याचा पत्रा, गच्चीचा कठडा. मोडक्या टोकात खडू भरत होता, गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही. हळूहळू गलका थांबला. फरशीवर घर उभं राहिलं होतं.

सुभद्राबाई जवळ आली. तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गुडघा धरत खाली बसली आणि बोटाने पहिल्या पायरीवर चढली. हो, चढली! बोट एकेक पायरी वर जात होतं.

"एक, दोन... धा. हितं पत्र्यावर दम खायाचा." बोट थांबलं, मग वळलं. "आता हिकडं, घराच्या मागल्या अंगाला. अन्‌ ही गच्ची. व्हय ना गं?" मग तिने मान वर करून लोखंडाकडे पाहिलं. "मंग ह्यो मेला गल्लीत कावून शिरलाय?"

कुणी हसलं नाही. गहिनीनाथ तिच्या शेजारी येऊन बसला. दीपमालाच्या हातातला कागद घेतला, दुमडलेला खालचा भाग उलगडला आणि फरशीवरच्या चित्राशेजारी ठेवला. इकडे बघ, तिकडे बघ, मिशी ओढ. किती वेळ! मला वाटलं, आता हा उठणार आणि म्हणणार की घरच वाकडं आहे.

त्याने टोपी काढली. "कागद खरा हाय," तो म्हणाला. "मीच उलटा वाचला. खालचं तर बघितलंच न्हाई मी."

"माझी बी चूक हाय, काका," दीपमाला म्हणाली. "तुमी ग्लास म्हणालात तवा मी सांगायला पायजे व्हतं. लाजले. हितनं पुढं आधी तिरकं चित्र काढून दावीन, मंगच बाकीचं."

ऐकलंत? आधी तिरकं! म्हणजे आधी मी!

एवढ्यात वरून हाक आली. "आरं, मला बी दिसू द्या की! हितनं सगळं उलटं दिसतंय." बद्रीनाथला राहवेना. त्याची बांबूची शिडी घराच्या मागे होती, आणि हा जिना आयता पुढ्यात. त्याने एक पाय पायरीवर टाकला आणि घाबरून विठ्ठलरावांकडे पाहिलं. सहा वर्षांत तो या उंबऱ्याशी आला नव्हता.

विठ्ठलरावांनी धोतराचा सोगा सावरला. मग खाकरले. "बघून उतर बे. कठडा लावायचा ऱ्हायलाय अजून."

बद्रीनाथ उतरला, चित्राभोवती दोन चकरा मारल्या, उकिडवा बसला, पुन्हा उठला. "पोरी, मला बी काढ असाच एक. किती दिस शिडीनं चढू? फकस्त माझा माझ्याच घराकडं वळव बाई."

तेव्हा जो हशा पिकला, त्यात विठ्ठलरावही होते. दुपारी गॅस कटर आला. गहिनीनाथने जिना पत्र्यापाशी कापला, वरचा भाग फिरवून घराच्या बाजूला लावला. मी ओट्यावर पडून श्वास रोखला होता. बसला! एक सूत इकडेतिकडे नाही. सुभद्राबाईने पहिल्या पायरीवर नारळ फोडला आणि गहिनीनाथने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत भागवतला म्हटलं, "भागवतराव, दोनच नावं सांगा मुकादमाला. पोरीचं टेबल आजपासनं माझ्या दुकानात. मला उलटं वाचायची खोड हाय, ही न्हाई ऱ्हायली तर सारं गाव गल्लीत वळंल."

भागवतने मान हलवली. डोळ्यांना उपरणं लावलं आणि तसाच उभा राहिला. मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला की मी ओट्यावरून घसरून खाली पडलो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक आला. निघायच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई परळीला दुकानात आली. टेबलाला हात लावून पाहिला, स्टुलावर बसून पाहिलं, ठिणग्यांना दचकली. मग म्हणाली, "बाई, तसं तिरकं चित्र ह्या दुकानाचं दे की काढून. तिकडं फडात मला दिसंल, तू कुठं बसलीस ते."

दीपमालाने सगळी कामं बाजूला सारली. भिंती, खिडकी, दार, टेबल, स्टूल, अगदी गहिनीनाथची चहाची किटलीसुद्धा. सुभद्राबाईने चित्रातल्या स्टुलावर बोट ठेवलं. "हितं ना?" दीपमालाने मान हलवली. आईने कागदाची सुरळी करून पदरात बांधली. दोघी रडल्या, मी हसवणार कसा? मी नुसता टेबलावर पडून राहिलो.

आता माझं बरं चाललंय. मिस्त्री माझ्याने डबे उघडत नाही. अंगावर राखेऐवजी लोखंडाची भुकटी बसते, दीपमाला फुंकर मारते. गिऱ्हाईक आलं की ती आधी तिरकं चित्र काढते आणि म्हणते, "बोटानं चढून बघा." लोक खरंच चढून बघतात! तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद पडला असेल ना, तर तेवढी कृपा करा, कुणा शिकणाऱ्याच्या हातात द्या त्याला. त्याच्या कोनांत काय काय दडलंय, ते तुम्हाला ठाऊक नसेल.

परवा सुभद्राबाईचा फोन आला, कोल्हापूरकडच्या फडातून. कागद कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कुडाला टाचलाय म्हणाली. गुडघा बरा आहे, ऊस गोड आहे, थंडी लई आहे. आणि मग म्हणाली, "आगं, रोज बघते मी चित्र. तुझ्या स्टुलाच्या पाठीमागंच दार हाय. वारं लागंल पाठीला. स्टूल खिडकीच्या कडंला घे."

फोन कानाला तसाच ठेवून दीपमालाने मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं आणि गार वारं आत येत होतं. तिने स्टूल उचललं आणि खिडकीकडे नेऊन ठेवलं. "घेतलं, आई," ती म्हणाली. तिच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला, प्लॅस्टिकला येतो तेवढा.

पण आता आईकडचं चित्र चुकीचं झालं की हो! स्टूल तिथे नाही ना आता! म्हणून सकाळीच नवा कागद लावलाय आणि उभ्या रेघा मारून झाल्यात. तिरक्या राहिल्यात. सोडा मला, ती वाट बघतेय.